छापील देवाला दंडवत

आपल्याकडे किंमत दोन प्रकारची असते. एक छापलेली, दुसरी तोंडाने सांगितलेली. छापलेलीपुढे आपण हात जोडतो आणि सांगितलेलीवर तुटून पडतो. हे बघायला गणपतीपुळ्यासारखी जागा नाही. देवळातल्या स्वयंभू गणपतीला नमस्कार करून, टेकडीची प्रदक्षिणा आटोपून गिऱ्हाईक खाली वाळूत उतरतं आणि शहाळेवाल्याशी दहा रुपयांवरून असं भांडतं, की जणू घराण्याची इभ्रत त्या शहाळ्यात अडकली आहे. शेजारीच चिप्सचा पुडा घेताना तोच माणूस मुका होतो. पुडा फुगवलेला आहे, आत मूठभर माल आहे, हे त्याला दिसतं. पण त्यावर आकडा छापलेला आहे ना! मग विषय संपला.

हा आकडा सरकारने ठरवलेला असतो, असं शिकल्यासवरल्या लोकांनाही वाटतं. औषधांसारखे काही अपवाद सोडले तर एमआरपी माल बनवणारी कंपनीच ठरवते आणि कंपनीच छापते. पूर्वी ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहायची सोय होती आणि त्या आडोशाने दुकानदार वाटेल ते उकळायचे. म्हणून १९९० मध्ये सगळे कर धरून कमाल किंमत छापायची सक्ती झाली. हेतू चांगला होता. पण कायदा एवढंच सांगतो, की छापलंय त्याच्या वर घेऊ नका. किती छापायचं ते कंपनीच्या मर्जीवर. चारशे छापून दोनशेला दिलं की गिऱ्हाईक अर्धी किंमत वाचल्याच्या आनंदात घरी जातं. मालाची लायकी शंभराची असली तरी त्याचा आनंद ढळत नाही.

पाण्याच्या बाटलीचं बघा. किनाऱ्यावरच्या टपरीवाल्याने वीसच्या बाटलीचे पंचवीस मागितले की पर्यटकाच्या अंगात वकील संचारतो. फ्रीजमध्ये ठेवल्याचे पाच रुपये लावणं बेकायदाच आहे, आणि टपरीवाल्याची बाजू मला घ्यायची नाही. पण रात्री तोच वकील वातानुकूलित हॉटेलात बसतो, त्याच बाटलीचे साठ मोजतो आणि वर टीप ठेवतो. १२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हॉटेल नुसती बाटली विकत नाही, बसायची जागा आणि सेवाही देतं, त्यामुळे तिथे छापील किमतीचं बंधन नाही. ठीक आहे. मग भर उन्हात बर्फाची लादी डोक्यावरून वाळूत आणणारा सेवा देत नाही तर काय करतो? कायद्याला खुर्ची दिसते, डोक्यावरची लादी दिसत नाही. आणि आपल्यालाही.

आता खोल्या. मोबाइलवर ‘६,०००’ असा आकडा खोडलेला आणि खाली ‘३,४९९’. सहा हजार कधी कुणी दिले होते का? तो आकडा जन्मला तोच खोडण्यासाठी. खाली लाल अक्षरांत ‘फक्त १ खोली शिल्लक’. शेवटच्या पडद्यावर आणखी दोन-तीन शुल्कं उगवतात, पण तोवर मुलांनी पिशवीत बादली-फावडं भरलेलं असतं. या चलाख्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नावं दिली आणि अशा १३ प्रकारांना मनाई केली. खोटी घाई लावणं आणि किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणं हे दोन्ही त्यात आहेत. किती पर्यटकांनी तक्रार केली? ते घरगुती निवास चालवणाऱ्या काकांना फोन करतात आणि म्हणतात, ‘काका, बाराशे जास्त होतात हो, जरा बघा ना.’ काकांशी बोलता येतं, म्हणून काकांना पिळता येतं. अ‍ॅपला कान नाहीत.

यातली खरी थट्टा कॅलेंडरने केली आहे. ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. आणि नाताळच्या सुट्टीला कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची रांगही तेव्हाच लागते. म्हणजे ग्राहक आपला दिवस साजरा करतो तो वर्षातल्या सर्वांत चढ्या भावाने.

कोकम सरबतावर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तिथे माझा संताप जास्त आहे. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये, आणि पावसाच्या आत उतरवावे लागतात. ते फोडायचे, बिया आणि गर काढायचा, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, वाळल्या की पुन्हा बुडवायच्या, पुन्हा घालायच्या. अशी पुटं चढत गेली की आमसूल होतं. सरबतासाठी सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची. साखर विरघळत जाते तसा रस सुटतो. एखादा वळीव अंगणात शिरला की आठवड्याची मेहनत गेली. हे सगळं करून बाई बाटली घेऊन बसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘एवढे? मॉलमध्ये एकावर एक फ्री आहे.’

आहेच. मॉलमधली बाटली उलटी करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे. पहिली साखर असेल, मग पाणी, आणि कोकम बिचारं मागे कुठेतरी. १२२ किंवा १२४ असा आकडा दिसला तर तो लाल रंग कृत्रिम. म्हणजे तुम्ही रंगीत साखरपाणी दोनदा घेतलंत आणि फुकटात मिळाल्याची पार्टी केलीत. आमच्याकडची प्रत्येक बिनलेबलाची बाटली शुद्ध असते असं मी म्हणणार नाही. दोन महिन्यांत आंबणारा माल ‘घरचंच आहे’ म्हणून गळ्यात मारणारे इथेही आहेत, आणि तारीख-परवाना न टाकता विकणाऱ्याला चार गोष्टी सुनवायलाच हव्यात. पण मग लेबल असेल तेव्हा ते वाचा तरी. आपण लेबलावरची किंमत तेवढी वाचतो. खालचा बारीक मजकूर बहुधा कंपनीच्या वकिलासाठी असावा.

आंब्याचीही तीच गत. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांबाहेरचा आंबा हापूस म्हणून विकता येत नाही. तरी कर्नाटकचा आंबा ‘रत्नागिरी हापूस’ छापलेल्या खोक्यातून घरोघर जातोच. मोहरापासून फवारण्या आणि राखण करणारा बागायतदार पेटीचा भाव सांगतो तेव्हा त्याला चोर ठरवायचं, आणि छापखान्यातून आलेल्या पुठ्ठ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

ज्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, जिथे १९७५ पासून मुंबईतली मध्यमवर्गीय कुटुंबं एकत्र येऊन घाऊक भावात महिन्याचा किराणा भरू लागली, तिथलीच ही नातवंडं. आजोबा मालाची वाटणी करताना तांदूळ तळहातावर घेऊन बघायचे. नातू कूपन कोड शोधतो.

माझ्या शेजारच्या वहिनी सीझनमध्ये उकडीचे मोदक करतात, चाळीस रुपयांना एक. पहाटे उठून नारळ खवायचा, गुळाचं सारण, तांदळाची उकड, ती गरम असतानाच मळायची, बोटं भाजत एकेका मोदकाच्या कळ्या काढायच्या. गिऱ्हाईक तांदूळ, नारळ, गूळ आणि गॅस यांचा हिशेब तोंडपाठ मांडतं: ‘पंधराच्या वर खर्च नाही, मावशी.’ पहाटेचा हिशेब शून्य. भाजलेली बोटंही शून्य. वहिनी वैतागून गेल्या होत्या.

गेल्या हंगामात त्यांच्या मुलाने रत्नागिरीहून एक फलक छापून आणला. ‘उकडीचे मोदक’, खाली साठ हा आकडा लाल रेघेने खोडलेला, शेजारी चाळीस, आणि कोपऱ्यात ‘मर्यादित काळासाठी’. मी वहिनींना म्हटलं, की ही शुद्ध लबाडी आहे, साठला तुम्ही एकही मोदक विकलेला नाही. त्या मोदकपात्राचं झाकण लावत म्हणाल्या, ‘त्या कंपनीवाल्यांना विचारून या आधी, मग माझ्याकडे या.’

तेव्हापासून भावावरून कुणी हुज्जत घातलेली नाही. परवा पुण्याच्या एका बाईंनी मात्र काळजीने विचारलं, ‘मावशी, ही ऑफर रविवारपर्यंत आहे ना?’

‘तुमच्यासाठी ठेवते,’ वहिनी म्हणाल्या. बाईंनी अकरा घेतले.