14447 वर फोन लागला, पण रावेरची केळी आणि शिंदखेड्याचा कापूस एकाच रकान्यात कसा बसणार?

पीक विम्याची तक्रार असो की नुकसानीची खबर, शेतकऱ्याला नंबर एकच सांगितला जातो, 14447. केंद्राने फेब्रुवारी 2024 मध्ये कृषी रक्षक पोर्टलसोबत ही हेल्पलाइन देशभर सुरू केली. कंपनी कुठलीही असो, नंबर एकच, ही सोय चांगलीच आहे. प्रश्न आहे तो फोन उचलल्यानंतरचा.

रावेर, यावल, चोपड्यात वादळाने केळीबाग आडवी झाली तर हवामान आधारित फळपीक विम्यात 72 तासांच्या आत कळवावं लागतं. उशीर झाला की दावा अडतो. तिकडे शिंदखेडा, साक्रीत कापूस पाण्यात गेला तर त्याच फोनने हाती काही लागत नाही. राज्याने खरीप 2025 पासून एक रुपयाची योजना बंद केली आणि स्थानिक आपत्तीची जोखीमही वगळली. आता भरपाई ठरते ती मुख्यतः मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर. अशा वेळी धावायचं ते पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). ती मदत सरकारची, विम्याची नव्हे.

म्हणजे नंबर एक आणि नियम दोन. अशा हेल्पडेस्कचं सॉफ्टवेअर ठरलेल्या यादीवर चालतं. राज्य, पीक, कारण निवडायचं, की डॉकेट नंबर तयार. देशभरासाठी एकच साचा म्हटल्यावर रकाने ढोबळच राहणार. आपलं दुखणं यादीत नसेल तर समोरचा माणूस जवळचं काहीतरी निवडतो, नाहीतर 'इतर' टाकतो. केळीवर सीएमव्ही आला, झाडं उपटून फेकावी लागली, तर हवामानाच्या विम्यात रोगाला जागाच नाही. हे पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितलं तर शेतकऱ्याचे हेलपाटे वाचतील. नुसता नंबर हातात पडला तर तो महिनाभर आशेवर बसतो.

फार मोठं काही करायचं नाही. पीक आणि महसूल मंडळ सांगताच तिथला चालू नियम समोर यावा, शासन निर्णय बदलला की तोही बदलावा. 'निसवण झालेली बाग' हे शब्द जसेच्या तसे मराठीत नोंदवता यावेत. हा बदल करायचा अधिकार मात्र जिल्हा कृषी अधीक्षकांच्या पातळीवर हवा. दिल्लीत बसून यावलचं मंडळ कसं कळणार?

हे आताच बोलण्याचं कारण आहे. खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान विम्यात घेता येईल, असं केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. कळवायची मुदत इथेही 72 तासांचीच, सोबत ॲपवर फोटो. कोणते प्राणी आणि कोणता भाग हे राज्यांनी ठरवायचंय. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, शिरपुरात रानडुक्कर आणि रोही पीक तुडवतात. राज्याच्या यादीत हे दोन प्राणी आणि हे तालुके आहेत की नाही, हे पेरणीआधी कळायला हवं.