लाल पडलेला पळस

घरातली पत्र्याची पेटी एकदा उघडून पाहा. लग्नाच्या फोटोंखाली एखादा बिनमाणसांचा फोटो निघेल. औंढ्याकडच्या माळावरचा पळस, सिद्धेश्वर धरणाचे पाणी, पुरात फुगलेली कयाधू, नाहीतर आखाड्यावरची जुनी चिंच. रीळ संपवायचे म्हणून कोणीतरी शेवटी काढलेला. आज तो सगळा लाल पडला आहे. आभाळ गुलाबी, पाणी गुलाबी, झाडही तांबूस. आता काय कामाचा, म्हणून तो चुलीत घालण्याआधी थांबा. चिंच रस्ता रुंद करताना गेली असेल, तर तिची तेवढीच एक खूण घरात उरली आहे.

रंगीत फोटोच्या कागदात तीन रंगांचे थर असतात: निळसर, किरमिजी आणि पिवळा. 1970-80च्या सुमारास जे कागद मिळत, त्यांतला निळसर रंग बहुधा सर्वांत आधी विटतो, पेटीच्या अंधारातसुद्धा. म्हणून फोटो लाल दिसतो. भिंतीवर ऊन लागत असेल तर सगळेच रंग उडतात. जुन्या कृष्णधवल फोटोत हे रंग नसतातच. त्यात चांदीचे बारीक कण असतात आणि ते फार टिकतात. आपला मुलूख 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ 1905 साली वारले, पण त्यांच्या काचेवरच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आजही आहेत. आणि आपल्या थोरल्या वहिनींच्या शालूचा रंग मात्र चाळीस वर्षांत गेला!

रंग विटला तरी उजेड आणि सावली फोटोत राहिलेली असते. तीच वेगळी काढायची. फोटो चौकटीतून सुटत असेल तर काढा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट घ्या. धूळ मऊ कोरड्या फडक्याने हलक्या हाताने झटका, पाणी लावू नका. सकाळी ओसरीवर, ऊन अंगावर येणार नाही अशा जागी फोटो सपाट ठेवा आणि मोबाईल बरोबर वर, समांतर धरून टिपा. मोबाईलचा दिवा बंद हवा. हा पहिला रंगीत उतारा आहे तसाच जपून ठेवा. पुढची सगळी कारागिरी त्याच्या दुसऱ्या प्रतीवर.

मोबाईलमध्ये रंग शून्यावर आणला की काळेपांढरे चित्र मिळते, पण ते बहुधा राखेसारखे मळकट असते. त्यापेक्षा तालुक्याच्या गावी स्टुडिओवाल्याकडे जा आणि सांगा, ‘लाल, हिरवा, निळा असे तीन भाग संगणकावर वेगळे करून दाखवा.’ लाल भाग फिका, धुतल्यासारखा निघेल, कारण तो ज्या निळसर थरावर उभा होता तोच गेला आहे. निळ्या भागात कागदाचा पिवळेपणा आणि डाग जास्त उठतात. हिरव्या भागात मात्र बहुतेक वेळा खोडाची साल, फांद्या, पाण्यावरची लाट शाबूत सापडते. तोच भाग घ्यायचा. मग काळे थोडे अधिक काळे आणि पांढरे थोडे अधिक पांढरे करायचे. इतके नाही की सावलीतले गवत बुडून जाईल.

असे केल्यावर पळसाची फुले उजळ आभाळावर काळी दिसतात. घरातल्यांना ते रुचेलच असे नाही. मला रुचते, कारण एरवी लाल रंगात हरवणारी वाकडी फांदी तेव्हा कुठे डोळ्यांत भरते. पण वसमतकडच्या खळ्यावर वाळत घातलेल्या हळदीचा फोटो असेल तर या भानगडीत पडू नका. त्यात पिवळेपणा हाच ऐवज. तो गेला की उरतात नुसते खडे.

हल्ली विटलेल्या फोटोत आपोआप रंग भरून देण्याची सोय मोबाईलवर निघाली आहे. लेकरे हौसेने करतात. पण यंत्राने ती चिंच कधी पाहिलेली नाही. ते अंदाजाने रंग टाकते, कधी नसलेली पानेही फांदीला लावते. चार वर्षांनी घरातलेच म्हणतील, चिंच अशीच होती. काळ्यापांढऱ्या उताऱ्यात दिसते ते थोडे, पण जे दिसते ते त्या दिवशी तिथे होते.

रंग कोणता होता हे आजोबांना, आत्याला विचारून घ्या. झाड कोणाच्या बांधावर होते, महिना कोणता, साल कोणते, हेही एका कागदावर लिहा. फोटोच्या पाठीवर नको, शाई पुढे उतरते. तो कागद आणि मूळ लाल फोटो एकाच पाकिटात घाला, पाकीट कोरड्या जागी ठेवा, आणि नव्या उताऱ्याची एक प्रत लेकीच्या सासरीही पाठवा.