लाळ घ्या, गोचीड नको

रक्तपिपासू जिवांच्या लाळेत दाह शमवणारी प्रथिनं असतात, असं म्हटलं की दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, मग डास-गोचीड चावले तर बिघडलं काय? दुसरं म्हणतं, ज्या गोचिडीपायी बिदरकडच्या औरादच्या गोठ्यातली देवणी जातीची गाय वाळते, तिच्या थुंकीत औषध शोधणं म्हणजे शास्त्रज्ञांचे चोचले. दोघांचीही गफलत एकच: लाळ आणि चावा त्यांनी एकच धरला.

पहिल्याचं आधी पाहू. डास घटकाभरात उडतो. गोचीड कीटकही नव्हे, कोळ्याच्या कुळातली. ती कातडीत दिवसेंदिवस रुतून बसते. एवढ्या वेळात सूज यायला हवी, पांढऱ्या पेशी धावून यायला हव्यात. गोचिडीची प्रथिनं त्या पेशींना बोलावणारे रासायनिक निरोप वाटेतच अडवतात. राखणीच्या कुत्र्याला भाकर टाकून घरात शिरणाऱ्या चोराची ही रीत. आणि त्याच चाव्यातून बबेसिया, थायलेरियाचे जंतू शिरून गोचीडताप येतो. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मेली, माणसं दगावली. त्यामागचा विषाणूही गोचिडीनेच पसरवला होता.

दुसऱ्या मताला जळू उत्तर देते. सुश्रुतसंहितेत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे. १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्टने जळूत रक्त गोठू न देणारा पदार्थ असल्याचं दाखवलं. तोच पुढे हिरुडिन ठरला. त्यावरून बेतलेलं बायव्हॅलिरुडिन आज अँजिओप्लास्टीत देतात, तेव्हा रुग्णाला कोणी जळू लावत नाही. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडीच्या लाळेतली 'इव्हासिन' प्रथिनंही अशीच वेगळी काढली आहेत. २००८ च्या संशोधनात इव्हासिन-३ने उंदरांतला सांधेदाह कमी केला. माणसांसाठी मंजूर औषध त्यातून अजून निघालेलं नाही: उंदराला आलेला गुण माणसाला येईलच असं नाही, शिवाय परक्या प्रथिनावर शरीर उलटतं. पण ही कामाची अडचण आहे, कामावर हसण्याचं कारण नव्हे.

माझं म्हणणं एवढंच, की गाय वाचवणं आणि लाळ तपासणं ही कामं परस्परविरोधी नाहीत. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये गोचिडीच्या आतड्यातल्या प्रथिनावर बेतलेली जनावरांची लस बाजारात आली. गाईच्या शरीराचा पहारा लाळेतलं कोणतं प्रथिन उठवतं हे कळलं, तर त्याच्याविरुद्ध लस शोधता येईल आणि त्याच प्रथिनात सांधेदाहावरचं औषधही. बिदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, आसपास देवणीचे गोठे आहेत. हा अभ्यास इथे शोभेल. तोवर गोठ्यातली गोचीड मारायचीच, आणि लाळेवरचं संशोधन ती जगवण्याची सबब होऊ द्यायचं नाही.