घरात असून पत्ता नाही

गेल्या वर्षी नवरात्रात आमच्या आत्याबाईंनी फर्मान काढले, "बाळ, भाऊबीजेला सगळी मंडळी जमतील. तेवढी आपली वंशावळ नीट उतरवून ठेव. माझ्यामागे नावे सांगणारे कोणी नाही." आत्याबाईंना तेव्हा ८८ वे सरले होते आणि बाळाला ६३ वे लागले होते!

आजोबांच्या हातची एक वंशावळ घरात आहे. पण त्या कागदात नवे नाव शिरकवायला जागा नाही. पुतणी म्हणाली, "काका, चित्र काढूच नका. नुसते लिहा. एक नाव, बाण, दुसरे नाव. चौकटी अन् रेघा संगणक मांडील."

या आज्ञावलीचे नाव प्लँटयूएमएल. २००९ पासून ती लोकांच्या वापरात आहे आणि फुकट मिळते. तिला जावा लागते, तेही बसवले. नमुन्याचे चित्र, म्हणजे दोघांचे संभाषण, झटकन उमटले. मी मिशीवर ताव दिला. पण वंशावळ घातली मात्र, उत्तर आले, "डॉट सापडत नाही!"

तीन दिवस मी सगळे काढून पुन्हा बसवीत होतो. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, देव्हाऱ्यातले देवसुद्धा इतक्यांदा कोणी उठवीत नाही!"

रविवारी पुतणी आली. तिने काहीच काढले नाही. काय चालते आणि काय अडते, एवढेच विचारले. संभाषणाचे चित्र प्लँटयूएमएल स्वतःच काढते. वंशावळीत कोणती चौकट कुठे बसवायची, हे ठरवायला मात्र ती ग्राफव्हिझमधल्या 'डॉट'ला हाक मारते.

"अग, पण ग्राफव्हिझ बसवले आहे ना!"

"बसवलेत हो. पण पाथमध्ये घातलेत का?"

पाथ म्हणजे संगणकाजवळची पत्त्यांची यादी. हाक मारायची ती यादीतल्याच दारांवर. बसवताना त्याने विचारले होते, यादीत घालू का? मी न वाचता 'पुढे, पुढे' दाबीत गेलो होतो. तिने पत्ता घातला. तरी अडलेच! "ही खिडकी जुनीच यादी धरून बसली आहे," ती म्हणाली, "बंद करून नवी उघडा." मग 'टेस्टडॉट' हा तपासणीचा हुकूम दिला आणि सारे ठीक असल्याचा निर्वाळा मिळाला. चित्र उमटले, पण नावांच्या जागी अगम्य चिन्हे! मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे, हे हुकमात सांगितले, तेव्हा कुठे पूर्वज मराठीत आले.

कागद छापून आत्याबाईंकडे नेला. चष्मा सावरून त्यांनी एकेका चौकटीवर बोट फिरवले आणि विचारले, "यात मी कुठे रे?"

मी आजोबांचा कागद जसाच्या तसा उतरवला होता. त्यात फक्त मुलगे होते. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर माहेरी परतून आम्हां सात भावंडांना न्हाऊमाखू घालणारी आत्या यादीत नव्हतीच.

मी तिथेच एक ओळ लिहिली. चौकटी सरकल्या आणि जागा झाली. मग त्यांच्या दोघी बहिणी, आमची आजी, आई, पुतणी, अशा ओळी वाढत गेल्या. भाऊबीजेला तो कागद भिंतीवर लागला.

आत्याबाई त्याच्याकडे पाहत इतकेच म्हणाल्या, "मी घरातच होते रे."