जाहिरात येण्याआधीची तयारी

औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण १९७२ साली झाले. त्याच्या पाण्यावर अंबरनाथ, बदलापूरचे कारखाने चालले आणि आपल्या घराघरांत एक हिशेब पक्का झाला : मुलगा दहावी झाला की कंपनीत चिकटवायचा, नाहीतर दुकानाच्या गल्ल्यावर बसवायचा. त्यात गैर काही नव्हते. पण आता कायम कामगाराच्या जागी कंत्राटी माणूस येऊ लागला आहे. तेव्हा दुसऱ्या वाटाही पाहिल्या पाहिजेत.

विद्यापीठे व महाविद्यालयांतील भाषा, शिक्षणशास्त्र आणि आरोग्य या विषयांच्या जागा ही तशीच एक वाट. अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये १०० विद्यार्थ्यांची मान्यता मिळाली. अशा ठिकाणी केवळ डॉक्टर लागतात असे नाही. परिचारिका, तंत्रज्ञ, ग्रंथपाल, लिपिक हेही लागतात. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने एम.एस्सी. केले तर तिला अध्यापनाचा मार्गही खुला होतो.

मराठी किंवा उर्दूत एम.ए. करणाऱ्याला 'याचा उपयोग काय?' असे विचारले जाते. उपयोग आहे, पण नुसत्या पदवीचा नाही. सहायक प्राध्यापकासाठी एम.ए.ला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट लागते. इतर मागासवर्गीयांना गुणांत ५ टक्के सवलत आहे. सेट परीक्षा पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेते. मराठी, उर्दू आणि शिक्षणशास्त्र हे तिन्ही विषय तीत आहेत. पीएच.डी. नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही. २०२३ पासून नेट-सेट हीच किमान पात्रता आहे. बी.एड. महाविद्यालयात शिकवायचे तर एम.एड.ही हवे.

कायम जागा थोड्या निघतात, हे लपवण्यात अर्थ नाही. अनेकांना घड्याळी तासिकेवर काम करावे लागते. तास घेतला तर पैसे, सुटीत काही नाही. तासिका जरूर घ्यावी, अनुभव मिळतो. पण तेवढ्यावर समाधान मानून पुढचा अभ्यास सोडू नये.

आपले उमेदवार बरेचदा ज्ञानात नव्हे, कागदात मार खातात. दहावीच्या दाखल्यावर 'शेख' एका स्पेलिंगने, पदवीवर दुसऱ्याच. मोमीन, तांबोळी, बागवान अशा घरांत सवलतीचा हक्क असूनही जात वैधता प्रमाणपत्र काढलेले नसते. अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते. तेवढ्यात वैधता हाती पडेलच याचा भरवसा नसतो.

म्हणून पालकांना सांगणे एवढेच : मूल पदवीच्या पहिल्या वर्षाला गेले की नावातील चूक दुरुस्त करून घ्या, जातीचे कागद काढून ठेवा, नॉन-क्रिमीलेअरची मुदत पाहा. धरण पावसाळ्यात भरावे लागते, तेव्हा कुठे मे महिन्यात नळाला पाणी येते. नोकरीच्या जाहिरातीचेही तसेच आहे.