हे वेड नव्हे!

गेल्या महिन्यात रात्री अकराच्या सुमारास एका परिचित कुटुंबाचा दूरध्वनी आला. 78 वर्षांच्या आजोबांच्या खुब्याची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झाले होते. दिवसभर शांत असलेले आजोबा एकाएकी 'माझी गाडी चुकेल' म्हणत सलाइनची नळी ओढू लागले. मुलालाही त्यांनी ओळखले नाही. 'डॉक्टर, बाबांना वेड तर लागले नाही ना? झोपेचे इंजेक्शन द्यायला सांगा,' मुलगा विनवत होता.

वाचकहो, हे वेड नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. वैद्यकशास्त्रात यास 'डिलिरियम' म्हणतात. स्मृतिभ्रंश बहुधा हळूहळू वाढतो. हा संभ्रम काही तासांत वा दिवसांत उद्भवतो, कमीजास्त होतो आणि बरेचदा रात्री बळावतो. त्यामागे जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, वेदना, बद्धकोष्ठ, एखादे नवे औषध किंवा रोजचे मद्य अचानक बंद होणे, असे कारण दडलेले असते. आजोबांच्या ओटीपोटावर हात ठेवताच परिचारिकेला तुंबलेले मूत्राशय जाणवले. नळी घालून लघवी मोकळी केल्यावर ते बरेच निवळले. पूर्ण भानावर येण्यास मात्र आणखी दोन दिवस लागले. केवळ झोपेचे इंजेक्शन दिले असते, तर मूळ कारण झाकलेच गेले असते.

अशा वेळी परिचारिकेच्या जोडीला घरच्या माणसाइतका आधार दुसरा नाही. रुग्णाचा चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवा. घड्याळ नजरेसमोर असू द्या. दिवसा उजेड, रात्री मंद दिवा व शांतता ठेवा. 'इथे कुठली गाडी?' असा वाद घालू नका. 'बाबा, मी जवळ आहे, आपण रुग्णालयात आहोत,' असे संथपणे पुन्हा पुन्हा सांगा. हात बांधण्याचा आग्रह धरू नका. बांधलेला माणूस अधिकच घाबरतो, झटापट करतो.

आणखी एक सांगायचे, ते न ओरडणाऱ्या रुग्णाविषयी. काही वृद्ध गडबड न करता नुसते गुंगीत पडून राहतात, जेवत नाहीत, बोलत नाहीत. 'थकलेत, झोपू द्या,' असे म्हणून आपण निर्धास्त होतो. आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणायला सांगून पाहा. कालपर्यंत जमणारे आज जमत नसेल, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता तत्काळ कळवा. रुग्ण एरवी कसा असतो, हे परिचारिकेला ठाऊक नसते. ते तुम्हालाच ठाऊक असते.