मुकादमाला माणूस कळतो का?

आमच्या बीड जिल्ह्यात एक वाक्य वरचेवर कानावर येतं: माणूस वाचायचा तर माणसांत जा, पुस्तकांत काय ठेवलंय? वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण ते खरं असतं, तर ऊसतोड मजुराला सगळ्यात जास्त ओळखणारा म्हणून त्याची टोळी जमवणारा मुकादम ठरला असता. कोणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, कोण किती पितो, हंगामाआधी आगाऊ घेतलेली कोणाची उचल फिटायची राहिलीय, हे त्याला तोंडपाठ असतं. टोळी भरण्यापासून हंगामाअखेर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तो माणसांतच वावरतो. तरी त्याची ओळख उचलीच्या आकड्यापाशी येऊन थांबते. सहवासातून माहिती मिळते, एवढंच. दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं तर आपली सोय घटकाभर बाजूला ठेवावी लागते, आणि व्यवहारात ती कोण ठेवतो? कथा वाचताना ती आपोआप बाजूला पडते. कथेतल्या माणसाकडून आपल्याला काही वसूल करायचं नसतं.

दुसरा आक्षेप अहवालवाल्यांचा: माणूस समजायला पाहणी आणि आकडे पुरेत, कथा कशाला? 2019 साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांची चौकशी करायला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा आकडा नसता तर प्रश्न केवढा मोठा आहे हे कळलंच नसतं. पाळीतही न चुकणारं काम, खाड्याचे कापले जाणारे पैसे, फडात नसलेला आडोसा, ही कारणंही पाहणीतून पुढे येतात. मात्र ऑपरेशनला हो म्हणण्याआधीची रात्र त्या बाईनं कशी काढली, त्यासाठी तक्त्यात रकाना नसतो.

मांजरेकाठच्या कळंब भागातले कथाकार भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा आठवा. टोमॅटोचा भाव पडला, हे बाजार समितीच्या नोंदवहीतही मिळेल. स्वतः पिकवलेला माल बाप भर बाजारात तुडवतो आणि पोरगं ते बघतं, हे त्या वहीत सापडायचं नाही. भाव पडणं म्हणजे काय, हे मला तरी कुठल्या लेखापेक्षा त्या बापाच्या पायांनी जास्त समजावलं.

सिनेमाबद्दलचा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपल्या बोलीचा हेल हशा पिकवायला वापरणारे सिनेमे काही थोडे नाहीत, आणि त्यांनी खेड्यातल्या माणसाविषयी गैरसमजच पेरले. हे निमूट मान्य करतो. पण वाईट स्वयंपाकावरून अन्नालाच नावं ठेवण्यात काय अर्थ? नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जातीमुळे डुक्कर पकडायचं काम वाट्याला आलेल्या एका कुटुंबाच्या ते हाताशी आलेलं असतं, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि ते कुटुंब जागच्या जागी थांबतं. डुक्कर मात्र थांबत नाही. जात आणि देश यांच्यातला पेच मी याहून थोडक्यात मांडलेला पाहिलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘फँड्री’ बघून डोळे पुसणारे घरी जाऊन जात पाळतातच की! पाळतात. समज आली म्हणजे सद्गुण आला, असा माझा दावाच नाही. फरक इतकाच, की आता ते ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ असं म्हणू शकत नाहीत.

राहिली भाषा. कथा-सिनेमासारखीच तीही दुसऱ्याच्या जागी नेते. पाहुणे आले की आम्ही अभिमानानं त्यांना अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीवर नेतो. त्याच जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. ती शिकावी असं आमच्यातल्या किती जणांना वाटलं? पहिलीत आलेलं तांड्यावरचं पोर गप्प बसलं की त्याला मठ्ठ ठरवून गुरुजी मोकळे होतात. त्या गुरुजींना माणसांत जायला सांगून उपयोग नाही, ते रोज माणसांतच असतात. त्यांना चार महिने गोरमाटी शिकवा. आईबाप फडावर गेल्यावर मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहं चालतात, तिथे खिचडीच्या तांदळाबरोबर पुस्तकांची पेटी आणि एक प्रोजेक्टरही पोचवा. आणि त्यावर जो सिनेमा दाखवाल, तो मुलांच्या आधी मुकादमाला दाखवा.